पातळ थर

"झाकण गार आहे," मिहाने म्हणाली.

ताफिलने लोखंडी आकडीने झाकण उचलून पुन्हा विस्तवावर ठेवले आणि लाकडे उगीचच खालीवर केली. "लाकूड ओलं आहे."

"ओलं? दोन वर्षं छपराखाली तूच वाळवलंस ना?"

धूर आलुबुखाराच्या फांद्यांत शिरून तिथेच रेंगाळला, जणू त्यालाही कुठे जायचे नव्हते.

फ्लीचे, म्हणजे थरावर थर भाजून होणाऱ्या जाड पोळीचे, काम सकाळपासून चालले होते. परातीच्या काठापासून मध्यापर्यंत पातळ पिठाची धार सूर्यकिरणांसारखी ओढायची, किरणांमधल्या जागा मोकळ्या सोडायच्या. तापलेल्या झाकणाखाली ते बदामी झाले की मोकळ्या जागी नवे किरण, त्यावर साय-लोण्याचा हात आणि पुन्हा झाकण. असे वीस-बावीस थर. खाणाऱ्यांना ती दहा मिनिटे पुरते, करणाऱ्यांना अख्खा दिवस लागतो. ताफिलला ती खाण्यापेक्षा करणेच अधिक आवडे. एकतीस वर्षे त्याने पेया शहराभोवतीच्या खेड्यांत विजेचे मीटर वाचले, मिहानेने मोज्यांच्या कारखान्यात पाळ्या केल्या. एकजण घरी येई तेव्हा दुसरा निघालेला असे. रविवारी मात्र धार तिची, झाकण त्याचे, आणि थर भाजेपर्यंतची आठ-दहा मिनिटे दोघांची. लेकीचे नाव याच मिनिटांत ठरले होते. भावाशी धरलेला अबोला सोडायचे त्याने इथेच कबूल केले होते.

उद्या ती लेक, लेंदिता, आईला झुरिचला नेणार होती. मिहानेच्या हाताच्या कंपावर तिथे उपचार व्हायचे होते, निदान वर्षभर. कोसोवोचा पासपोर्ट घेऊन दुसऱ्यांदा रांगेत उभ्या राहिलेल्या ताफिलला मात्र तिथे राहण्याचा व्हिसा नाकारला गेला होता.

कुंपणावरून शेजारची बेद्रिये डोकावली. "ताफिलभाऊ, दुपार कलली की. फ्ली करताय की अंडी उबवताय?"

"तुला कोणी बोलावलंय?"

"वासानं. सकाळपासून बोलावतोय मेला, वाढत मात्र काही नाही." ती हसत निघून गेली.

मग लेंदिता दारात आली. "बाबा, आईची बॅग भरायची राहिलीय. किती वेळ अजून?"

"चार थर."

"मघाशीही चारच होते."

"मघाशी मोजायला चुकलो."

लेंदिताने दोघांकडे एकदा पाहिले आणि ती आत गेली.

मिहानेने पुढची धार ओढली. ती मध्येच तुटली आणि इतकी पातळ पडली की खालचा थर तिच्यातून दिसत राहिला. पळीभर पीठही आता या हाताला पेलत नव्हते तर.

"मी ओतू का?"

"तू तुझं झाकण सांभाळ."

तो सांभाळत राहिला, पण आता नजर तिच्या हाताकडे होती. तिने पळी काठोकाठ भरली. परातीवर नेण्याआधी ती हलकेच कलती करून अर्धे पीठ पातेल्यात परत सोडले. पुढच्या किरणालाही तसेच केले. त्यात कंपाचा काही दोष नव्हता.

ताफिलने अर्धवट तापलेले झाकण उचलले आणि परातीवर ठेवले. तिने त्याच्याकडे पाहिले.

"गार आहे," ती म्हणाली.

"हो."

"राहू दे."

उतरतीचे ऊन तिच्या मांडीवर आले.

"तिथे करशील फ्ली?" त्याने विचारले.

"लेंदिताच्या बाल्कनीत विस्तव पेटवला तर पोलीस येतील."

"मग?"

"मग काय, त्यांनाही बसवीन शेजारी. झाकण धरायला माणूस लागतोच."

तो हसला आणि धूर लागल्यासारखे डोळे पुसत राहिला.

शेवटी पातेले रिकामे झाले. मिहानेने बोटाने कडा निपटल्या. मग तिने पाण्याचा तांब्या ओढून घेतला, पातेल्यात घोटभर पाणी घातले आणि ते हळूहळू फिरवले. चिकटलेले पीठ सुटून पाणी दुधाळ झाले. असले पाणी कोणी फ्लीवर ओतत नाही. तिने पळी बुडवली आणि काठापासून मध्यापर्यंत एकेक किरण ओढला, मधल्या जागा नेमाने मोकळ्या सोडत.

ताफिलने झाकण आणून अलगद ठेवले. मग तो तिच्याशेजारी ओंडक्यावर बसला आणि त्या पाण्याला बदामी रंग येण्याची दोघे वाट पाहू लागले.