जाळीपलीकडचा राजीनामा

मावशींना चर्चचं काम सोडायचं होतं, पण त्यांना त्या कामावर कुणी नेमलेलंच नव्हतं, ही खरी गोम होती. नेमणूक झाली असती तर राजीनामा देता आला असता. एकतीस वर्षांपूर्वी एका रविवारी वेदीवरचं कापड चुरगळलेलं होतं, तेव्हा या बाई पुढे होऊन म्हणाल्या होत्या, "द्या इकडे, मी इस्त्री करून आणते." एवढं एक वाक्य तोंडातून गेलं आणि माणूस जन्माचा अडकला. पुढे नवरा गेला, केस गेले, दोनदा चर्चचं छप्पर बदललं, पाच फादर आले आणि बदलून गेले. मावशी आहेत तिथेच.

आठवडा त्यांच्या हातून सात दिवस चालायचा. सोमवारी वेदीवरचे रुमाल आणि चौकोनी कापडं धुवायची. त्यांना पवित्र भाकरीचे कण लागलेले असतात, म्हणून पहिलं पाणी मोरीत सोडायचं नाही, मातीत ओतायचं, मग खळ, मग इस्त्री, मग तिहेरी घडी. मंगळवारी मेणबत्त्यांची पितळी स्टँडं खरवडायची. बुधवारी फादरचे झगे, उसवलेलं शिवायचं, रविवारी कुठला रंग लागणार ते बघून बाहेर काढायचा. गुरुवारी संध्याकाळी तासभर मूक प्रार्थना, म्हणजे चर्च उघडायला आणि बंद करायला मावशीच. शुक्रवारी आजाऱ्यांकडे. शनिवारी चार वाजता लहान मुलांचा धर्मवर्ग, पाचला कन्फेशन, म्हणजे फादरपाशी पापांची कबुली, त्यानंतर फुलं. रविवारी दोन मिस्सा, म्हणजे वेदीपुढच्या सामुदायिक उपासना, आणि दोन्हींच्या मधल्या अर्ध्या तासात कुणाच्या तरी हरवलेल्या छत्रीचा शोध.

हात दुखत होते असं नव्हे. अडुसष्टाव्या वर्षीही बाई काटक होत्या, गुडघ्यांवर तासभर राहून उठायच्या त्या कशाला हात न लावता. दुखणं निराळंच होतं. मिस्सा चालू असायची, सगळ्यांचे डोळे मिटलेले असायचे, आणि मावशींना दिसायचं काय, तर डावीकडची मेणबत्ती कललीय. फादर दोन्ही हातांनी पवित्र भाकर वर उचलायचे तेव्हा त्यांना झग्याच्या बाहीचा सुटलेला दोरा दिसायचा. तोंड प्रार्थना म्हणायचं आणि डोकं खळीचा हिशेब करायचं. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी त्या क्षणी छातीत काहीतरी हलायचं, आणि रुमाल धुतानासुद्धा बाई हळू आवाजात गुणगुणायच्या. दोनेक वर्षं झाली, आत सगळं कोरडं ठाक. देवाच्या इतक्या जवळ राहून देव दिसेनासा झाला, हे सांगायचं तरी कुणाला? याची त्यांना फार लाज वाटायची.

काम सोडावं, आणि चार माणसांसारखं नुसतं येऊन बसावं, म्हणजे कदाचित काही परत येईल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. आधीच्या फादरना त्यांनी एकदा सांगून पाहिलं होतं. ते म्हणाले, "मावशी, तुम्ही म्हणजे या चर्चचा खांब!" झालं. खांबाला कधी कुणी विचारलंय का, की बाबा रे, जरा बसतोस का? मावशी हसल्या आणि रुमाल घेऊन घरी आल्या. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

आताचे फादर तरुण होते, येऊन वर्ष झालेलं. त्यांच्या गळ्यात आणखी एक चर्च मारलेलं होतं, त्यामुळे ते जेवायचेसुद्धा उभ्याउभ्या. त्यांना गाठावं तर एका कानाला फोन, दुसऱ्या कानाशी कुणीतरी. हा माणूस एकाच जागी बसलेला सापडायचा, तो म्हणजे शनिवारी, कन्फेशनच्या लाकडी खोक्यात. मध्ये जाळी, तोंड दिसत नाही, कुणी अडवत नाही. मावशींना वाटलं, हीच जागा.

त्या शनिवारी रांगेत सगळ्यात शेवटी त्या उभ्या राहिल्या. गुडघे टेकले, क्रूसाची खूण केली आणि एका दमात बोलून मोकळ्या झाल्या. "फादर, मला इथं आता काहीच वाटत नाही. कापड धुते तेव्हा नुसतं कापडच दिसतं. प्रार्थनेत मन नाही. मला या कामातून सोडवा, नाहीतर माझी उरलीसुरली श्रद्धासुद्धा या खळीत जाईल."

 मग फादर म्हणाले, "तुम्ही थकलात. देवाला ते ठाऊक आहे." आणखी काहीतरी म्हणायचं होतं बहुतेक; पण तेवढ्यात बाहेर दुसऱ्या चर्चला न्यायला आलेली गाडी हॉर्न वाजवत सुटली. "प्रभूची प्रार्थना एकदाच म्हणा, सावकाश," एवढं सांगून त्यांनी क्षमेचे शब्द उच्चारले.

मावशी पिसासारख्या हलक्या होऊन घरी आल्या. घरी धाकटी जाऊ होती. दोघींचे नवरे मागोमाग गेले तेव्हापासून दोघी एकाच घरात राहत होत्या, आणि धाकटीच्या जिभेला धार होती.

"सुटले गं बाई," मावशी म्हणाल्या. "सांगून टाकलं फादरना. उद्याचा रविवार शेवटचा."

"फादर हो म्हणाले?"

"म्हणाले, तुम्ही थकलात, देवाला ठाऊक आहे."

"देवाला ठाऊक असून काय उपयोग, ताई? कापडं देव धुणार आहे का?"

"तू गप्प बस. सोमवारी मी नऊ वाजेपर्यंत उठणार नाही."

पण सोमवारी सहाला जाग आलीच. आठला राहवेना म्हणून 'सहज' चर्चकडे गेल्या, तर वेदीमागच्या खोलीत खुंटीवर नेहमीची पिशवी, आणि तिला फादरच्या अक्षरातली चिठ्ठी: सहा रुमाल, दोन चौकोनी. बुधवारी लाल झगा लागेल.

मावशींनी चिठ्ठी दोनदा वाचली. उलटूनही पाहिली, मागे काही नव्हतं. विसरले असतील, असं म्हणून त्यांनी ते रुमाल धुतले, पण असे चोळले की एकाची शिवणच उसवली.

मंगळवारी फादर समोरूनच आले. म्हणाले, "मावशी, मोठ्या मेणबत्त्या संपत आल्यात," आणि आपल्या बुटांकडे बघत निघून गेले. बुधवारी झगा चढवताना त्यांनी नेहमीसारखं 'थँक यू, मावशी' म्हटलं, पण मावशींकडे न बघता, भिंतीला म्हटल्यासारखं. गुरुवारी मूक प्रार्थनेचा तासभर ते पुढच्या बाकावर आणि मावशी मागच्या. तास संपला आणि हे गृहस्थ बाजूच्या दारानं पसार.

"घोडं पेंड कुठे खातंय?" रात्री जेवताना जावेनं विचारलं.

"तोंडात मिठाची गुळणी धरल्यागत वागतोय तो माणूस. जसं काही मी बोललेच नाही."

"मग परत बोला."

"का म्हणून? काळीज काढून दाखवलं ना एकदा. भिकाऱ्यासारखा किती वेळा हात पसरायचा?" ताट पुढे सरकवून मावशी उठल्या. त्यांना रडू येत होतं, आणि जावेसमोर रडायचं नव्हतं.

शुक्रवारी आजाऱ्यांच्या घरांचे जिने चढताना त्यांनी मनाशी पक्कं केलं. रविवारपर्यंत वाट बघायची. तोवर फादर काही बोलले नाहीत तर चावी टेबलावर ठेवायची आणि चर्चमध्ये परत पाऊल टाकायचं नाही. या नाही, दुसऱ्या कुठल्याही नाही. एकतीस वर्षं जिथे घासली तिथे मनातलं एक वाक्य ऐकून घेणारा माणूस मिळत नसेल, तर कशाला यायचं? हे त्या रागानं म्हणत नव्हत्या, राग करायलाही अंगात ताकद लागते. त्या ते वाणसामान ठरवावं तसं ठरवत होत्या, आणि तेच वाईट होतं.

शनिवारी धर्मवर्गात अकरा मुलं होती. पुढच्या महिन्यात त्यांचं पहिलं कन्फेशन, म्हणून धडा तोच. मावशी हा धडा झोपेतही शिकवू शकल्या असत्या, आणि त्या दिवशी जवळजवळ तसाच शिकवत होत्या.

"तुम्ही जे सांगाल ते फादर कुणालाही सांगत नाहीत," त्या म्हणाल्या. "आईला नाही, शाळेतल्या बाईंना नाही, पोलीस आले तरी नाही. अळीमिळी गुपचिळी. फाशी दिली तरी नाही."

"आणि आपल्याला?" पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं. "नंतर भेटल्यावर आपल्याला तरी विचारतील का, की तू भावाला मारायचं बंद केलंस का?"

"छे! तुम्हालासुद्धा नाही. बाहेर आलं की फादरना काही माहीतच नाही असं वागावं लागतं. विषयही काढता येत नाही. त्यांना कितीही वाटलं तरी..."

मावशी थांबल्या. खडू हातात तसाच.

"तरी काय, मावशी?"

"तरी नाही," मावशी म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान! एकतीस वर्षं साडेतीनशे पोरांच्या डोक्यात भरलं, आणि स्वतःच्या डोक्यातून साफ गेलं. तो माणूस दगड नव्हता. काठोकाठ भरलेला पेला हातात घेऊन चालावं तसा तो आठवडाभर त्यांच्यासमोरून चालला होता, एक थेंब सांडू न देता. म्हणून तर बुटांकडे बघत होता. चूक त्याची नव्हती. राजीनामा अशा जागी दिला होता, जिथून तो पुढे जाऊच शकत नव्हता.

"मग आपल्याला फादरची मदत पाहिजे असली तर?" ती मुलगी काही सोडायला तयार नव्हती.

"तर बाहेर येऊन परत सांगायचं," मावशी म्हणाल्या. "तोंडावर."

सांगणं सोपं होतं. खोक्यात अंधार असतो, जाळी असते. रविवारी दुसरी मिस्सा संपली तेव्हा वेदीमागच्या खोलीत लख्ख ऊन होतं, गायकवृंदाचे मास्तर वह्या गोळा करत होते, आणि मेणबत्त्या मागायला आलेल्या दोन बायका दारात गप्पा मारत होत्या. फादर झग्याची दोरी सोडत होते.  या सगळ्यांनी जायची वाट बघितली असती तर आणखी एकतीस वर्षं गेली असती.

"फादर," त्या म्हणाल्या, "मला हे काम आता सोडायचंय."

 मास्तर म्हणाले, "अहो मावशी, काय बोलताय!" आणि बायका म्हणाल्या, "तुमच्याशिवाय कसं व्हायचं?"

 आठवड्यात पहिल्यांदा फादरनी मावशींच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"का, मावशी?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी कोरा, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. हात मात्र तसे नव्हते. सोडता सोडता त्यांनी त्या दोरीची गाठच करून टाकली होती.

खरं कारण मावशींच्या ओठांवर होतं. पण ते मास्तरांसमोर, त्या बायकांसमोर? दुपारपर्यंत गावभर झालं असतं, की चर्चच्या मावशींचा देवावर विश्वास राहिला नाही.

"गुडघे, फादर," त्या म्हणाल्या. "गुडघे राहिले नाहीत माझे."

"तरीच!" दोघींपैकी एक म्हणाली. "गुरुवारी बघितलं ना मी, उठवत नव्हतं यांना."

 खोटं आहे हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, आणि फादरना ते तसं म्हणायची मुभा नव्हती.

"मग आजपासूनच बंद," ते म्हणाले. "ती पिशवी राहू द्या इथेच. सोमवारचं मी बघतो."

"तुम्हाला जमेल?"

"नाही जमणार. पण तुम्ही बघायला यायचं नाही." मग ते जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "रविवारी मात्र या. काही करायला नाही, नुसत्या या. गुडघे टेकवत नसतील तर टेकू नका. मागे कुठेतरी बसून राहा. नुसतं बसलेलं माणूसही देवाला चालतं, मावशी. मला खात्री आहे."

मावशींनी मान हलवली. त्या वळल्या. गुडघ्यांचं सांगून बसल्या होत्या, तेव्हा थोडं लंगडणं भाग होतं, त्या लंगडल्या. दोन्ही बायका धावल्या आणि त्यांनी एकेक दंड धरला. बाहेरच्या पायऱ्या उतरताना मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते काही केल्या थांबेना, आणि दोन वर्षांत आतलं काही हललं असेल तर ते हेच होतं.

"अगं बाई," त्यांतली एक घाबरून म्हणाली. "फार दुखतंय का हो?"

"हो गं," मावशी म्हणाल्या. "फार."