रिकामी फेरी

"आई कुठे राहिली गं?" पुलाच्या मध्यावर थांबून अण्णांनी मागे वळून पाहिलं.

आई जाऊन नऊ वर्षं झाली. "अण्णा, काय हे!" मी म्हणाले. ते ओशाळून हसले. "अगं हो. तोंडात बसलंय ते." मीही हसले आणि विषय नदीवर नेला. जन्मभर जोडीने चाललेला माणूस, येणारच तोंडात, अशी मी स्वतःची समजूत घातली. सकाळपासूनची ही तिसरी समजूत.

दोन महिन्यांपूर्वी भारतातून, अण्णांच्या घराशेजारच्या काकूंचा फोन आला होता. "गॅस चालू ठेवून बाहेर जातात. घर जळता जळता वाचलंय दोनदा. एकटं ठेवू नकोस गं त्यांना." काकूंना राईचा पर्वत करायची हौसच आहे, असं म्हणत मी अण्णांना तिकीट पाठवलं. व्हिसा सहा आठवड्यांचा. उद्या संध्याकाळी त्यांचं परतीचं विमान होतं. इथे त्यांना ठेवून घेता येत नाही, आणि मी तिकडे गेले तर इथली नोकरी सुटते. त्यामुळे अण्णांना काहीही झालेलं नाही, हे मला हवंच होतं. मी इस्पितळात रक्त काढते. डोळ्यांना न दिसणारी शीरसुद्धा माझ्या बोटाला लागते. घरात मात्र सहा आठवडे मी डोळ्यांवर कातडं ओढून बसले होते. शहर दाखवायलाही शेवटचाच दिवस उरला.

पुलावरून आम्ही मनोऱ्याकडे गेलो. एकसष्ट मजले, वर गच्ची. लिफ्टपुढे रांग होती. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेल्या अण्णांनी चौकटीला तळहात लावला, कान दिला आणि मान डोलावली. "रूळ सरळ आहेत. काम चोख केलंय पठ्ठ्यांनी."

त्यांचा आवाज अगदी पूर्वीसारखा होता. बघा म्हणावं काकू, मी मनात म्हटलं.

दार उघडलं. अण्णांनी दोन्ही हात पसरून रांग अडवली. "थांबा सगळे. आधी रिकामी फेरी." ते एकटेच आत शिरले आणि दार मिटलं.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी मेकॅनिकने एकट्याने मारायची, मगच माणसं चढवायची, हा त्यांचा नियम. मला हसूच आलं. माझे वडील मेकॅनिक आहेत, असं मी मागच्यांना ऐटीत सांगितलं. तेही हसले. लिफ्ट खाली आली, तीत अण्णा नव्हते. पुढच्या खेपेलाही नव्हते.

मी वर गेले. गच्चीवर नाहीत, जिन्यात नाहीत, स्वच्छतागृहापाशी नाहीत. पाऊण तास मी लोकांच्या अंगावर आदळत नुसती धावत होते. शेवटी पहारेकऱ्याच्या खोलीत सापडले. बाकावर ताठ बसून ते पहारेकऱ्याला मराठीत काहीतरी समजावत होते. तो बिचारा त्याच्या भाषेत हो हो म्हणत होता.

"अण्णा!"

ते अदबीने उठले. तक्रार घेऊन आलेल्या भाडेकरूकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "झालंय बाई काम. निर्धास्त जा खाली."

"अण्णा, मी आहे. मी."

"हो, हो," ते सौजन्याने म्हणाले.

हे तुमचेच का, असं पहारेकऱ्याने मला विचारलं. मी मानेनेच हो म्हटलं. उद्या या माणसाला विमानात एकटं बसवायचं होतं. काकू खरं बोलल्या होत्या, मला ते कळत होतं, आणि तरीही मी सहा आठवडे रोज सकाळी त्यांना गॅसपाशी एकटं सोडून कामावर गेले होते. स्वतःची घालायला आता एकही समजूत उरली नव्हती. परक्या माणसासमोर मी हमसून हमसून रडायला लागले.

अण्णा कावरेबावरे झाले. खाली वाकून माझ्या चेहऱ्याकडे पाहत त्यांनी हळूच विचारलं, "कुणी चुकलंय का तुमचं?"

"वडील," मी म्हणाले.

"सापडतील हो. म्हातारं माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे?" ते बाकावर बसले आणि सरकून त्यांनी माझ्यासाठी जागा केली. "बसा. ते येईपर्यंत मी थांबतो तुमच्याबरोबर."

मी बसले.