पिवळी तबकडी

दिवसभर लोकांचे दात करून माणूस घरी आलं की त्यानं काय करावं? हातपाय धुवावेत, दोन घास खावेत आणि आडवं व्हावं. थोरलीला हे कुणी सांगायची गरज नव्हती, तिची कंबरच तिला रोज सांगायची. पण ऐकतंय कोण! घरी आली की आधी आईच्या डोळ्यांत थेंब, मग स्वयंपाक, मग भांडी, आणि एवढं सगळं उरकलं की बाईसाहेब खिडकीजवळच्या टेबलाशी डोळ्याला भिंग लावून बसायच्या. घड्याळं जुळवायला. म्हणजे दिवसा मान वाकडी करायची ती पोटासाठी, आणि उरलेल्या वेळात वाकडी करायची ती हौसेसाठी. त्या बिचाऱ्या मानेनं दाद मागावी तरी कुणाकडे?

कृत्रिम दात तयार करायच्या एका लहानशा कारखान्यात ती नोकरीला होती. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे, त्यावरून ही दात घडवायची. घडवणं सगळ्यांनाच जमतं; खरं कसब रंगात. साठीच्या माणसाला पांढराशुभ्र दात बसवला की तो तोंडात उपरा दिसतो, हसला की आधी तोच दिसतो. म्हणून नव्या दाताला आधीच वय द्यायचं. मुळाशी जरा पिवळट, कडेला जरा मळकट, मधूनच एक केसाएवढी तडा गेल्यासारखी रेघ. नव्याचं जुनं करण्यात थोरलीचा हात धरणारं कुणी नव्हतं. मालकसुद्धा म्हणायचे, "बाई, तुमच्या हातून सुटलेला दात त्याच्या आईलासुद्धा ओळखू यायचा नाही." दाताला कुठली आली आई, पण ते असंच बोलायचे.

घड्याळंही तिची तसलीच. जुन्या धाटणीची, रोज चावी द्यायची. बाहेरची डबी एकीकडून मागवायची, आतलं मशीन दुसरीकडून, काटे तिसरीकडून, आणि सगळं जुळवून असं करायची की बघणाऱ्याला वाटावं, कुणाच्या तरी आजोबांच्या कपाटातून निघालंय. विकायची नाही. तबकडीवर कुठल्या कंपनीचं नाव घालायची नाही. नाव घातलं की ती लबाडी, नाही घातलं की हौस, असं तिचं सरळ मत होतं. धाकटा भाऊ लांब राहायचा, रविवारी फोन करायचा, आणि दर रविवारी त्याचा तोच विनोद: "ताई, घरात माणसं दोन आणि घड्याळं डझनभर. एवढी कसली घाई आहे गं तुम्हाला?"

घाई होती. ती त्याला कोण सांगणार?

आईला काचबिंदू झाला होता. कळलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, "गेलं ते परत येत नाही. राहिलंय तेवढं जपू." किती दिवस जपता येईल, यावर त्यांनी नुसते खांदे उडवले. कडेचं सगळं अंधारून आलं होतं. समोरचं मधलं तेवढं दिसायचं, गुंडाळलेल्या वर्तमानपत्रातून बघितल्यासारखं. दाराला धडकायची, खुर्चीला अडखळायची, आणि वर खुर्चीलाच झापायची, "मेली, वाटेत कशाला उभी आहेस?" थोरलीला हसू यायचं, आणि ती खुर्ची भिंतीशी सरकवून ठेवायची.

एके दिवशी थेंब घालून घेताना आई सहज म्हणाली, "ह्यांचं ते घड्याळ एकदा बघायला मिळालं असतं ना, मग जाऊ देत हे डोळे कुठं जायचे ते."

बस. एवढंच बोलली आणि पापणी मिटून पडून राहिली. पण थोरलीच्या हातातली बाटली तशीच राहिली. आई कधी काही मागत नसे. मागायचंच नाही अशी शपथ घेतल्यासारखी जगली होती बाई. आणि मागितलं तेही असं, जे या जगात नव्हतंच.

बाबा गेले तेव्हा थोरली तीन वर्षांची आणि धाकटा मांडीवर. बाबा तिशीचे. सकाळी धडधाकट कामावर गेले आणि संध्याकाळी दुसऱ्यांनी घरी आणले. हातातलं घड्याळ कुणीतरी काढायला लागलं तेव्हा आई म्हणाली होती, राहू दे, त्यांना फार आवडायचं. गेलं ते त्यांच्याबरोबर. मागे राहिला एक फोटो: भिंतीला टेकून उभे असलेले बाबा, शर्टाची बाही दुमडलेली, डावा हात कमरेवर, आणि मनगटावर ते घड्याळ.

थोरलीनं ठरवलं, हे आपण करायचं. आणि आईला पत्ता लागू द्यायचा नाही. काच पुसायच्या निमित्तानं तिनं फोटो भिंतीवरून उतरवला आणि परत लावलाच नाही. आईच्या नजरेत ती कडेची भिंत येतच नव्हती, विचारणार कोण! भिंगाखाली फोटो धरून ती तासन् तास बसली. काटे पानाच्या आकाराचे. आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा, फक्त बाराला आकडा. सहाच्या वर सेकंदाचं वेगळं इवलंसं वर्तुळ. काच फुगीर. आणि तबकडी पिवळट, दुधाळ चहासारखी.

सगळं जमत गेलं, पण सुखासुखी नाही. काटे मिळायला नाकीनऊ आले. एकदा सेकंदाचा काटा चिमट्यातून उडाला तो सतरंजीत गेला, थोरली संध्याकाळभर फरशीवर पालथी पडून शोधत होती आणि आई आतून विचारत होती, "काय गं, खाली काय पडलंय?" "काही नाही, मीच," ही म्हणाली. कामावर गर्दीचे दिवस होते, डोळ्यांची आग व्हायची, मान वळेना. कितीदा वाटलं, बोंबलू दे ते घड्याळ, झोपू या. मग शेजारच्या खोलीत आई चाचपडत भिंतीचा आधार घेताना दिसायची, आणि ही पुन्हा भिंग चढवायची.

तबकडीवर तिनं जीव ओतला. मागवली ती पांढरीशुभ्र आली होती. कोऱ्या चहात कापसाचा बोळा बुडवून तिनं ती टिपून टिपून रंगवली. मग कारखान्यात नेऊन दात भाजायच्या भट्टीत अगदी मंद आचेवर ठेवली. मालकांनी भट्टीत डोकावून बघितलं. "ही कुणाची दाढ?" "माझ्या बाबांची," ती म्हणाली, आणि त्यांनी भट्टीचं दार हळूच लावून घेतलं. बाहेरची डबी तिनं किल्ल्यांबरोबर पिशवीत घालून हलवली, बारीक ओरखडे उठवले. पट्टा वाकवून वाकवून मऊ केला. शेवटी फोटोशेजारी घड्याळ ठेवून बघितलं तर रंगात तसूभर फरक नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिला स्वतःचं काम एवढं कधी आवडलं नव्हतं.

रविवारी सकाळी, चांगला उजेड बघून, तिनं आईला खिडकीशी बसवलं आणि घड्याळ तिच्या हातावर ठेवलं.

आईनं ते डोळ्यांसमोर धरलं. जरा लांब नेलं, जरा जवळ आणलं, नजरेच्या त्या भोकात बरोबर बसवलं. बोटानं काच चाचपली.

"छान केलंयस," आई म्हणाली. "कुणाचं आहे?"

"आई! नीट बघ ना. बाबांचं."

आईनं पुन्हा बघितलं. मग हळूच, लागू नये अशा बेतानं म्हणाली, "नाही गं. काटे असेच होते. पण हे ते नाही. ते पांढरं होतं."

"पांढरं कसं असेल? मी फोटो बघून केलंय."

"फोटोत काय दिसतंय ते मला नको सांगू. मी रोज सकाळी ते त्यांच्या हातात देत होते. लख्ख पांढरं. घेऊन वर्ष नव्हतं झालं."

थोरली उठली. कपाटातून फोटो काढला, खिडकीशी आणला. "हे बघ. पिवळी आहे की नाही तबकडी?"

आईनं फोटो नाकाशी धरला आणि इकडेतिकडे फिरवला. मग हसली. "अगं माझे आई. शर्ट कसला आहे?"

"पिवळट."

"पांढरा होता. माझ्या हातानं धुतलेला, निळीतून काढलेला. आणि भिंत?"

थोरली फोटोवर वाकली.

"आणि दात बघ की. हसतायत त्यात. काय रंग आहे दातांचा?"

थोरलीनं बघितलं. बाबांचे दात पिवळे होते. तिशीच्या माणसाचे, सुपारीच्या खांडालाही न शिवलेल्या माणसाचे दात, सत्तरीतल्या गिऱ्हाइकासारखे पिवळे. सगळा फोटोच पिवळा पडला होता. काटे बघितले, रेघा मोजल्या, सेकंदाचं वर्तुळ मोजलं, आणि दात बघितले नाहीत! तिनं! तिनं कपाळावर हात मारला आणि तशीच खाली बसली.

"वीस वर्षं दातांच्या रंगावर जगतेय मी," ती म्हणाली. "कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगत," आई म्हणाली. "धाकट्याला फक्त."

थोरली हसायला गेली आणि रडूच आलं. "मी थकले गं आई. खरंच थकले. मला वाटलं होतं, तुझे डोळे जायच्या आत..." आणि जीभ चावली. हे वाक्य दोघींपैकी कुणीही आजवर घरात उच्चारलं नव्हतं.

आईनं मात्र कुणी चहा झालाय म्हणावं इतक्या शांतपणे ऐकलं. "जाणारच आहेत ते. मला काय ठाऊक नाही?"

"दे इकडे ते. अजून एक पांढरी तबकडी आहे माझ्याकडे. आज बसते, संध्याकाळपर्यंत बदलून देते." तिनं डोळे पुसून हात पुढं केला.

आईनं घड्याळ दिलं नाही. मूठ मिटली.

"हे पिवळं कसं केलंस?"

"चहानं. आणि भट्टीत भाजून."

"हे ओरखडे?"

"किल्ल्यांनी."

"बाई गं, एवढा खटाटोप! मला तर देवानं फुकटात केलं." ती पुन्हा उजेडाकडे वळली. घड्याळ समोर धरून बराच वेळ बघत राहिली. "म्हणजे ते राहिलं असतं, रोज वापरलं असतं, तर आता असं झालं असतं?"

"अगदी असंच. चाळीस वर्षं हातात असतं तर."

"आणि हे? तुझे बाबाही असेच झाले असते ना. पिवळट, ओरखडे पडलेले. पट्टा मऊ पडलेला." ती स्वतःशीच हसली. "ते नवं घड्याळ मला पाठ आहे गं. आणि तुझे बाबाही. तिशीचे, पांढऱ्या शर्टातले. डोळे गेले तरी ते मला दिसणारच आहेत, त्याला कुठं डोळे लागतात? पण म्हातारे झालेले मी त्यांना कधी बघितलेच नाहीत." तिनं अंगठ्यानं काच पुसली. "बघू दे मला. मला बघता येतंय तोवर हेच बघू दे."

थोरली आईच्या गुडघ्याला डोकं टेकून बसली. आईनं मनगट पुढं केलं, थोरलीनं पट्टा बांधला. सैल झाला. एक भोक जास्त पाडावं लागणार होतं.

"रोज चावी द्यायची ना याला?"

"रोज. घट्ट लागली की थांबायचं. त्याला बघावं लागत नाही."

"मग ते माझं काम," आई म्हणाली. "आणि तू आता जाऊन पड. तोंड बघ कसं झालंय, एवढं तर मलाही दिसतंय. तीनला थेंब घालायचे आहेत, मी उठवते."

"विसरशील."

"घड्याळ कशाला दिलंयस मग?"

थोरली पडली, आणि पडल्या पडल्या झोपली. कूस बदलल्याचंही तिला आठवलं नाही. जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन सरकून पार भिंतीवर गेलं होतं आणि आई तिच्या उशाशी खुर्ची ओढून बसली होती, घड्याळ कानाशी धरून. थोरली दचकून उठली. "किती वाजले? आई! चार होऊन गेले! उठवलं का नाहीस?"

"काय करणार," आई म्हणाली. "म्हातारं घड्याळ. पडलं मागे."

थोरलीनं तिचं मनगट धरून बघितलं. सव्वाचार. टेबलावरच्या घड्याळांशी मिनिटाचाही फरक नव्हता.

तिनं थेंबांची बाटली आणली, आईची मान मागं टेकवली आणि एकेक करून दोन्ही डोळ्यांत थेंब घातले.