देवीच्या बावीत टँकरचं पाणी

उरणजवळच्या डोंगराच्या पोटात गॅस साठवायला एक कंपनी भुयारं खणू लागली, तेव्हापासून पायथ्याच्या विहिरींचं जणू कुणी खालून बूच काढलं होतं. गावाला ते कळत होतं, पण कळून उपयोग नव्हता. आकड्यांत दिसायला हवं होतं. म्हणून देवीच्या बावीत, म्हणजे देवळाच्या विहिरीत, तासातासाला पातळी टिपणारं एक यंत्र सोडलेलं होतं. शिवाय गावानं मोजणीला नेमलेली नूतन दर मंगळवारी आंघोळ करून, निरंकार उपासानं बावीवर यायची, टेप सोडायची आणि पाणी किती खोल गेलं ते वहीत लिहायची. कंपनीच्या परवान्यात अट होती : एप्रिलअखेर पातळी गेल्या सालापेक्षा दोन मीटर खाली गेली, तर खोदकाम बंद. पावणेदोन मीटर झालंच होतं.

तेवढ्यात देवीची पालखी आली. त्या दिवशी देवीला तिच्याच बावीच्या पाण्यानं न्हाऊ घालतात, आणि बावीत तर उरला होता चिखल.

"वयनी, आयला चिखलानं न्हाऊ घालू काय?" रावजीनं, नूतनच्या दिरानं, विचारलं. पूजेचा मान त्याच्याकडे होता.

"भावोजी, आत यंत्र हाय."

"यंत्राला पालखी कळते व्हय?"

नूतननं बावीत डोकावून पाहिलं. कोरड्या बावीवरून पालखी परत फिरली असती, तर ते तिच्याच्यानंही बघवलं नसतं. पाणी दोन-तीन दिवसांत मुरेल, मंगळवारी खरा आकडा लिहू, असं तिनं मनाशी धरलं. काठावर हळदकुंकू वाहिलं आणि टँकरचा पाइप स्वतःच्या हातानं आत सोडला.

पाणी मुरलंही. पण महिनाअखेर सरकारी तपासणीच्या सोनल मॅडम पनवेलहून आल्या, त्या हसतच.

"नूतनताई, यंत्रात पाणी एकदम वर चढलेलं दिसतंय! कंपनी म्हणते, भुयारातल्या भेगा बुजल्या."

नूतननं खाली बघत सगळं सांगितलं. मॅडमचं हसू गेलं.

"अहो, मोजायच्या विहिरीत कुणी पाणी ओततं का?"

"पालखी होती, मॅडम."

"आता काय लिहू मी? पाणी आपोआप आलं म्हटलं, तर भुयारामुळे काहीच होत नाही असं कायमचं कागदावर जाईल. ओतलं म्हटलं, तर ही विहीर यादीतून बाद. तुमची दोन वर्षांची वहीसुद्धा."

"माझी वही खोटी न्हाय."

"मला माहीत आहे. पण कंपनीवाले विचारतील, आज ओतलंत, तर मागं कधी उपसलं नसेल कशावरून?"

रावजी पुढं झाला. "वयनी, आयनं पाणी दिलं म्हण आन गप ऱ्हा. निदान देवीचं नाव तरी राहील."

"तिच्या नावावर खोटं कसं घालू, भावोजी? खालच्या गावांच्या विहिरी पण याच डोंगराच्या पाण्यावर हायेत."

पाणी आपणच ओतलं असं तिनं लिहून दिलं, खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी दोन माणसं येऊन यंत्र काढून घेऊन गेली. खोदकाम चालूच राहिलं. नवी विहीर धरायची, तर मोजणी पहिल्यापासून, म्हणजे आणखी दोन सालं.

संध्याकाळी टँकर आला. नूतन हंडा घेऊन गेली, तशी रांगेत पुढं उभी असलेली ठमी मागं वळून म्हणाली, "आली बघा खऱ्याची राणी. आता पी खरं."

कुणी हसलं नाही. कुणी तिला जागाही दिली नाही. नूतन रांगेच्या शेवटाला जाऊन उभी राहिली.