अन्नपूर्णेतलं शिसं

अन्नपूर्णेच्या मांडीवरची पळी झिजून नुसती रेघ उरली होती… अरुंधतीनं त्या रेघेवरून नख फिरवलं आणि टेबलावरचा कागद पुन्हा वाचायचं टाळलं. आकडे पाठ झालेच होते. नर्मदाकाठच्या उत्खननातल्या नाण्यांचे कण अहमदाबादच्या प्रयोगशाळेला पाठवताना पेटीत दोन कप्पे रिकामे राहिले, म्हणून तिनं आईच्या या मूर्तीच्या बुडाचा कीस टाकला, आणि शेजारी नानांच्या बेअरिंगच्या तुकड्याचा — मिल बंद झाली त्या दिवशी त्यांनी, तिच्या वडिलांनी, खिशातून आणलेला तो काशाचा तुकडा, तेव्हापासून कागदांवर वजन म्हणून बसलेला. शिसं आपली खाण विसरत नाही, असं ती वर्गात शिकवायची. वितळवा, दुसऱ्या धातूत मिसळा, त्याच्या समस्थानिकांचं प्रमाण तेच राहतं. मूर्ती आईच्या माहेरची, वाईची, सात पिढ्यांची. आणि तिच्यातलं शिसं ऑस्ट्रेलियातलं, सात पिढ्यांपूर्वी कुणी खणलीच नव्हती अशा खाणीतलं. बेअरिंगमधलंही तेच… दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत.

नाना मिलच्या ओतशाळेत होते. भट्टी विझायच्या आधी, खरी मूर्ती वाळूत दाबून ठसा घ्यायला त्यांना एक दुपार पुरली असेल. धातू थंड होताना आकसतो. ठशातून निघालेली मूर्ती मुळापेक्षा केसभर लहानच — आणि आई किती वर्षं म्हणतेय, देव्हाऱ्यातल्या खोबणीत अन्नपूर्णा हलते, माझ्या घासण्यानं बारीक झाली बिचारी. खरी कुठे गेली असेल… राजवाड्यामागे जुन्या मूर्ती घेणारे होते तेव्हा. मिल बंद झाली त्याच वर्षी जुलैत ती पुण्याला एम.एस्सी.ला गेली. ‘पैशांची सोय झालीय,’ एवढंच नाना म्हणाले. कुठून, ते विचारलं नाही मी. जगातल्या प्रत्येक धातूला विचारते, तू कुठून आलास.

उलट सुट्टीत आल्यावर, ते ओट्यावर नुसते बसलेले पाहून तीच बोलली होती, ‘हातपाय हलवा ना नाना. मिलमधली माणसं कचोरीच्या गाड्या लावताहेत.’

ते हसले होते. ‘हात तर हलवून झाले, बेटा.’

दोन वर्षांत गेले.

“अरु, रिपोर्ट आली म्हणे?” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “किती जुनी निघाली? अनुश्रीच्या सासरचे फार ऐटबाज आहेत. लग्नात मूर्तीबरोबर कागदच ठेवू ताटात.”

“बघतेय, आई.”

“बघ बघ. तुझ्या नानांनी तर जन्मात हात लावला नाही तिला. देवाचं नावच नको त्या माणसाला.”

अरुंधतीनं मूर्ती उलटी केली. तिनं स्वतः कीस काढलेल्या जागेशेजारी जुने, काळवंडलेले कानशीचे ओरखडे होते, सगळे एका बाजूला झुकलेले. डावऱ्या हाताचे. नानांसारखं डावरं घरात दुसरं कुणी नव्हतं.

“अगं, बोल की. किती पिढ्या?”

काहीतरी सांगायला हवं होतं… आणि धाकट्या बहिणीला, अनुश्रीला, ही द्यायचीच नाही, असं काही हट्टी, लहान मुलीसारखं आतून वर येत होतं, तिला स्वतःलाच ओळखू न येणारं. मूर्ती तळहातात तापत चालली होती. टेबलावर ठेवावी म्हणून तिनं हात पुढे नेला, आणि मूठ उघडेना.