तळावरची नावं

सोनटक्क्यांनी निळी बाटली उचलली, उलटी केली, तळ डोळ्यांजवळ नेला आणि ती उजव्या हाताच्या ओळीत ठेवून दिली. मग दुसरी उचलली. तीही उलटी केली, तीही उजवीकडे गेली. मधूनच एखादी डावीकडे जायची. ओसरीवर अंथरलेल्या गोणपाटावर उजवी ओळ वाढत वाढत दाराशी आली होती आणि डावीकडे जेमतेम पाच-सहा बाटल्या उभ्या होत्या. भिंतीला टेकलेला धम्मपाल त्या लांबलचक ओळीकडे बघत मनातल्या मनात आळेफाट्याच्या गाळ्याचं शटर वर करत होता.

गाळा त्यानं हेरून ठेवला होता. मिसरूड फुटलं तेव्हापासून तो आळेफाट्याला दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये ट्रकखाली झोपत आला होता. आता पाठ बोलायला लागली होती. रोज डिंगोऱ्याहून पहिली एसटी धरायची, अंधार पडता परत यायचं आणि आल्यावर ज्योत्स्नानं पाठीला तेल चोळायचं, एवढाच काय तो संसार उरला होता. गाळेवाल्यानं महिनाअखेरपर्यंत डिपॉझिट आणून दे म्हणून सांगितलं होतं. अशात नाक्यावरच्या हॉटेलवाल्यानं भिंतीवर जुन्या वस्तू लावायला काढल्या आणि पुण्याचा हा सोनटक्के नावाचा माणूस त्याला त्या पुरवतो असं कळलं. धम्मपालला बापाची खोली आठवली.

"एवढ्या घेतो," सोनटक्के गुडघ्यांवर हात ठेवून उठत म्हणाले. बोट डावीकडे होतं.

"आन ह्या?"

"ह्यांची किंमत गेली हो. हे बघा."

त्यांनी निळी बाटली पुन्हा उलटी केली. जाड काचेच्या तळावर, बारीक पण खोल, अक्षरं कोरली होती. रखमाजी. दुसरीवर गेणू. तिसरीवर भागू.

"आमच्याकडे जुन्या बाटलीला साधा ओरखडा चालत नाही. इथं तर अख्खं नाव! बाटलीवर नाव कोण घालतं?"

"भांड्यावर घालत्यात की," उंबऱ्यात बसलेली चिमाबाई म्हणाली. धम्मपालच्या आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, पण कान शाबूत होते. "बाटली म्हंजी भांडंच न्हवं का?"

सोनटक्के हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी हातातल्या बाटलीच्या अंगावरच्या उभ्या रेघा दाखवल्या. "ही विषारी औषधाची. अंधारात हाताला कळावी म्हणून रेघा असतात. ती तिकडची जिनची, ती गोटीसोड्याची. सगळं साहेबलोकांचं सामान. तुमच्या वडिलांकडे आलं कुठून?"

"दवाखान्यात झाडूवाले व्हते ते," धम्मपाल म्हणाला. पुढचं त्यालाही माहीत नव्हतं.

त्याला बापाचा राग आला. सोपान जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी आला. घरातली एकमेव कोरडी खोली या माणसानं जन्मभर बाटल्यांनी भरून ठेवली. पोरांना झोपायला ओसरी आणि बाटल्यांना फळ्या. सोपान दारूच्या थेंबाला शिवला नाही, पण शाळेत धम्मपालला सगळे 'बाटलीवाल्याचा' म्हणूनच ओळखायचे. आणि एवढं सोसून आज कुठं त्या काचेला भाव यायची वेळ आली, तर बापानं आधीच तिच्यावर नावं कोरून माती करून ठेवलेली.

"नावं निघाली तर?" त्यानं विचारलं.

"काचेवरची? कोण काढणार?"

"मी काढतो. वायपरचे वरखडे काढतोच की गाड्यांच्या काचंवरचे."

सोनटक्क्यांनी त्याच्या काळ्या पडलेल्या नखांकडे पाहिलं. "सोमवारी बेल्ह्याच्या बाजाराला येतोय मी, जुनं पितळ बघायला. परतताना टेम्पो इकडे वळवतो. तळ स्वच्छ झाले तर सगळ्या नेतो. साध्या पांढऱ्यासुद्धा. हॉटेलवाल्याला भिंतभर ओळी लावायच्यात."

रेंज मिळेना म्हणून त्यांनी मोबाइल परत खिशात टाकला आणि ते गेले.

त्याच संध्याकाळी धम्मपाल ओट्यावर बसला. पाण्याची बादली, गॅरेजमधून आणलेला पॉलिश पेपर, व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणि शेवटचा हात फिरवायला ब्रासो. त्यानं पहिली बाटली मांडीत उलटी धरली आणि कागद ओला केला. चिमाबाई आतून भिंत चाचपत आली आणि शेजारी बसली.

"कुणाची हाय?"

"तुला काय करायचंय?"

"वाच की."

"गेणू."

"गेणूची व्हय." तिनं मान हलवली. "खोकायचा लई. खोकताना बी हसायचा, मग आणिकच खोकायचा."

धम्मपालनं घासायला सुरुवात केली. आधी 'ण'चा काना गेला, मग बाकीचं धूसर झालं.

"आण्णांनी ह्याच्या बाटलीवर नाव कशापायी घातलं?"

"मिश्चरला आपली बाटली घरनं न्यावी लागायची तवा. दवाखान्याची मिळत नसायची. आन आपल्या वस्तीतल्यांची बाटली कंपाउंडर हातात धरायचा न्हाई. मागल्या खिडकीत ठिवून जायची. तो निघून गेला का हे भरायचे." ती सावकाश, काही विशेष सांगतेय असा आव न आणता सांगत होती. "कागद चिकटवला तर धुताना निघायचा. एकदा पोराचं औषध म्हाताऱ्याला गेलं. तवापासनं ह्यांनी विंजेक्शनची कुपी कापायची बारकी कानस घेतली आन नावं घालाय लागले. रातच्या शाळेत नुकतीच अक्षरं शिकले व्हते. म्हनायचे, नाव असलं का भांडं घरी येतं."

"पर ह्या साहेबाच्या बाटल्या..."

"साहेबाच्या बंगल्याचा कचरा कोण उपसायचं? आपणच की. आपल्याकडं दुसऱ्या बाटल्या व्हत्याच कुठं?"

"मग ह्या घरी का न्हाई गेल्या?"

"न्यायला कुणी आलं न्हाई," चिमाबाई म्हणाली.

धम्मपालच्या हातातला कागद थांबला. त्यानं मागे वळून उघड्या खोलीत पाहिलं. फळ्यांवर बाटल्या होत्या तशाच उभ्या होत्या. त्याला वाईट वाटलं, खरंच वाटलं. बापाला इतकी वर्षं खुळा समजलो, याचं तर फारच वाटलं. पण गेणूला जाऊन जमाना झाला होता आणि गाळेवाला अजून जिवंत होता. त्यानं कागद पुन्हा पाण्यात बुडवला.

पुढच्या संध्याकाळीही तेच. तो नाव वाचायचा, ती माणूस सांगायची, मग तो नाव घासायचा. भागू बाळंतपणात गेली. तिनं मरताना नवऱ्याकडून वचन घेतलं होतं की पोराला शाळेत घालीन, आणि त्यानं घातलं. रखमाजीला इतकी छान शीळ यायची की बैलं त्याच्या मागं चालायची. प्रत्येक माणसागणिक हात जड होत होता. घासून झालेल्या बाटल्या बोटावर मोजण्यासारख्या होत्या, सोमवार तोंडावर आला होता, आणि ज्योत्स्नानं गाळ्यासाठी उदबत्त्यांचा पुडासुद्धा आणून ठेवला होता.

शेवटी त्यानं युक्ती केली. निळ्या, हिरव्या, गोटीच्या तेवढ्या संध्याकाळी हातानं घासायला घरी ठेवल्या आणि साध्या पांढऱ्या सगळ्या पोत्यात भरून गॅरेजला नेल्या. एसटीत चढताना पोतं खणखणलं.

"काय राव, सकाळी सकाळी?" कंडक्टर म्हणाला. "आन तेबी पोत्यानं!"

आख्खी गाडी हसली. धम्मपालही हसला. या हसण्याची त्याला सवय होती.

गॅरेजमध्ये पॉलिश करायचं बफचं मशीन होतं. जेवणाच्या सुट्टीत त्यानं ते चालू केलं. तळ टेकवायचा, मशीन किंचाळायचं, फडक्यानं पुसायचं, बाजूला ठेवायचं, पुढची. इथं कुणी विचारणारं नव्हतं, म्हणून वाचायचंही कारण नव्हतं. पहिल्या एक-दोन नावांवर नजर पडली तेवढीच. मग तो मशीनकडेच बघत राहिला. दोन दुपारींत पोतं संपलं. पाठ भरून आली होती, पण डोक्याला बरं वाटत होतं.

रविवारी उन्हं कलताना तो बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून टोमॅटोच्या क्रेटमध्ये भरत होता. चिमाबाई येऊन बसली. तिनं चाचपडत एक पांढरी बाटली उचलली आणि तळावरून अंगठा फिरवला. अंगठा कुठंही अडला नाही.

"ही कुणाची?"

धम्मपालनं क्षणभर विचार केला. "सखूची."

"सखूची चौकोनी व्हती," ती म्हणाली आणि बाटली खाली ठेवली. आवाजात तक्रार नव्हती. धम्मपाल कागद फाडत राहिला.

"तुझी कवा वाचलीस?" तिनं विचारलं.

"माझी कसली?"

"तुझी बी व्हती की. दोन वर्साचा आसशील. गोवर आला, मग छातीत भरला. डोळं पांढरं केलंस. आमी आशा सोडली व्हती." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बाकीच्यांचं ह्यांनी नुस्तं नाव घातलं. तुझं आख्खं. धम्मपाल सोपान. दीक्षा घिऊन आलो आन मग तू झालास. वस्तीत तसलं नाव पयलंच. कंपाउंडर म्हनला, हे कसलं रे नाव? तर ह्यांनी बाटली उलटी केली आन त्याच्याम्होरं मोठ्यांदा वाचलं. त्याला कवा उलटून बोलले न्हवते, त्या दिशी वाचलं."

धम्मपालच्या हातातला कागद अर्धाच फाटलेला राहिला.

"मग ती खिडकीत ऱ्हायली कशी?"

"तू बरा झालास की! मग बाटलीला कोण जातंय?" चिमाबाई हसली. "म्हनून तर त्यांनी ती ह्यांच्यातच ठिवली. म्हनायचे, न्यायला न आलेल्यांत एक तरी अशी असू दे, जिचा मानूस घरात हाय."

"आई, आधी का न्हाई सांगितलंस?"

"तू वाचतच व्हतास की रोज. म्हनलं, येईल तिची पाळी. तुझ्या तोंडून ऐकू म्हनलं."

"कसली व्हती दिसायला?"

"साधीच. पांढरी. तसल्या लई व्हत्या."

सोमवारी तो कामावर गेला नाही. सकाळपासून एकेक पांढरी बाटली कागदातून सोडवून उन्हात धरत होता. तिरकी करून बघ, पाणी लावून बघ, नखानं चाचप. 'ध'ची गाठ कुठं राहिली असेल, 'प'चा काना राहिला असेल. काही राहिलं नव्हतं. आयुष्यभर मालकाच्या शिव्या खाल्लेल्या हातानं या खेपेला काम इतकं चोख केलं होतं की कुठं रेघ म्हणून शोधून सापडत नव्हती. ज्योत्स्नानं दोनदा चहा आणून ठेवला आणि दोनदा गार झालेला उचलून नेला.

टेम्पो आला तेव्हा तो शेवटचा क्रेट पुन्हा भरत होता. सोनटक्क्यांनी वरचीच एक बाटली काढली, उलटी केली, डोळ्यांजवळ नेली. दुसरी बघितली, तिसरी बघितली.

"वा! मला शंकाच होती. काय हात आहे हो तुमचा! इथं कधी नाव होतं असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही."

व्यवहार ठरल्यासारखा झाला. क्रेट टेम्पोत चढले. शेवटचा उचलायला तो वाकला तेव्हा त्याचा चेहरा बघून सोनटक्क्यांना काय वाटलं कोण जाणे.

"एखादी ठेवा की वडिलांची आठवण म्हणून," ते म्हणाले. "कुठलीही घ्या."

धम्मपाल क्रेटवर वाकून उभा राहिला. त्याचा हात एका बाटलीवर गेला, तिथून दुसरीवर गेला, परत आला. मग त्यानं न बघताच एक उचलली. टेम्पो निघून गेला, धूळ बसली, तरी तो बाटली धरून अंगणातच होता.

"कुणाची हाय रं?" उंबऱ्यातून चिमाबाईनं विचारलं.

तो ओसरीवर आला. त्यानं बाटली उलटी केली आणि तळ डोळ्यांजवळ नेला. काच कोरी करकरीत होती, तिच्यातून पलीकडचं अंगण दिसत होतं.

"धम्मपाल सोपान," त्यानं मोठ्यांदा वाचलं.

चिमाबाईनं हात पुढे केला. त्यानं बाटली तिच्या हातात दिली. तिनं तळावरून अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा एकदा सावकाश.

"व्हय," ती म्हणाली. "तीच." आणि तिनं ती पदरानं पुसायला घेतली.