दोन वेण्यांच्या पोरीचा नंबर

मी एक जुना टेलिफोन आहे. त्या दुपारी मी वाजत होतो आणि मला कोणी उचलत नव्हतं.

बाबासो समोरच उभे होते. पण या घरात फोन उचलायचं काम त्यांच्या बायकोचं, तानाबाईचं. सवयीनं ते तिचीच वाट बघत राहिले. ती तर महिनाभर कोल्हापूरच्या दवाखान्यात होती. शेवटी त्यांनी रिसीव्हर उचलला, तोही उलटा धरला. मुलाला, प्रसेनजीतला, तीनदा सांगावं लागलं, "बाबा, आई गेली."

मित्रांनो, मी कारखान्यातून निघालो आणि १९९६ साली हातकणंगल्याजवळच्या या मळ्यातल्या घरात आलो. तानाबाईनं जुन्या खणाची टोपी शिवून मला घातली. बाबासोंना माझी भीती वाटायची. पुणे लांब, म्हणून ते प्रसेनजीतशी ओरडून बोलायचे.

"अवो, हळू बोला की," तानाबाई म्हणायची. "असं वरडायचं तर फोन कशाला पायजे? पुण्याला तसंच ऐकू जातंय!"

"मग तूच बोल," म्हणून ते गोठ्याकडे जायचे.

तानाबाईला लिहिता येत नव्हतं. माझ्या बटणांवरचे आकडे बघून तिनं शेजारच्या भिंतीवर कोळशानं नंबर काढले आणि प्रत्येकापुढे एक चित्र काढलं. शिलाई मशीन म्हणजे हातकणंगल्याची बहीण. रेल्वे म्हणजे प्रसेनजीत. दोन वेण्यांची पोरगी म्हणजे चिमणाबाई, पन्हाळ्याला दिलेली तिची लहानपणची मैत्रीण. तो नंबर चिमणाबाईच्या शेजारच्या दुकानाचा होता. दर पौर्णिमेला तानाबाई तिथं फोन लावायची आणि दोघी नुसत्या हसत बसायच्या. फोन नेहमी इकडूनच जायचा.

तानाबाईच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्या बौद्ध घरातल्या दिवसकार्याला, सगळे आले. चिमणाबाई आली नाही, कारण तिला कळवायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. बाबासोंना ती आठवली, पण माणसं परत गेल्यावर.

काही दिवसांनी त्यांनी मला जवळ ओढलं. आधी शिलाई मशीनचा नंबर दाबून बघितला. लागला नाही.

"मोडलाय ह्यो," ते दिवसकार्यानंतर मळ्यातच थांबलेल्या सुनेला, श्रुतीला म्हणाले.

"फोन चांगला हाय, मामा. आता नंबराच्या आधी दोन लावाय लागतोय. आत्या आजारी होत्या तवा बदललंय."

"मग तिनं का न्हाय लिवला?" बाबासोंनी विचारलं.

मग त्यांनी चुलीतला कोळसा घेतला. तानाबाईचे आकडे गोलसर, त्यांचा दोन वाकडा. बाहेरगावच्या नंबरात तो एसटीडी कोड आणि नंबर यांच्या मध्ये कसाबसा बसवला. बटणं दाबली. हातकणंगल्याची मेहुणी बोलली, तेव्हा ते अजिबात ओरडले नाहीत.

असे एकेक नंबर त्यांनी दुरुस्त केले. प्रसेनजीतला आता ते स्वतः फोन लावतात. चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी घराला चुना दिला, तेव्हा भिंतीचा तेवढा चौकोन सोडायला लावला. जयंतीला प्रसेनजीत मोबाईल घेऊन आला.

"बाबा, आता ह्यो डबा काढून टाकू."

"मोबाईल दे, शिकतो की. पर ह्यो ऱ्हाऊ दे. एक फोन करायचा हाय."

"चिमणामावशीला? अजून सांगितलं न्हाय व्हय?"

बाबासो भिंतीकडे बघत राहिले. "तिच्याकडं अजून जिती हाय रं तानी."

प्रसेनजीतनं मला काढलं नाही. मोबाईलवर हिरवं बटण कुठलं, तांबडं कुठलं, ते बाबासोंनी दोन दिवसांत पाठ केलं.

मित्रांनो, मोबाईल चांगलाच आहे, माझी त्याच्यावर रुसवा धरायची इच्छा नाही. बाबासो दोन्ही वापरतील, मला खात्री आहे. तुमच्या घरातली जुनी वस्तू काढायची झाली, तर जरूर काढा. फक्त तिच्या हातून कोणाला काही सांगायचं राहिलंय का, तेवढं आधी बघा.

आज सकाळी बाबासो कोळसा घेऊन दोन वेण्यांच्या पोरीसमोर उभे राहिले. "पुनवंला सांगतो गं," असं तिला म्हणाले आणि कोळसा माझ्याशेजारी ठेवून गेले. पौर्णिमा परवा आहे.

भिंतीवरच्या बाकी सगळ्या नंबरांत दोन लिहून झाला आहे. त्या एका नंबरात लिहायचा राहिला आहे.